'गायर' : एका शब्दाचा घेर

इंग्रजींत 'गायर' असा एक लहानसा शब्द आहे. रोजच्या बोलण्यांत तो कोणी वापरीत नाहीं. वर्तमानपत्रांत तो क्वचितच, आणि तोहि समुद्रशास्त्राच्या निमित्तानें, येतो. परंतु डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीनें १९१९ सालीं लिहिलेल्या 'द सेकंड कमिंग' या कवितेच्या पहिल्याच ओळींत तो बसला असल्यामुळें इंग्रजी काव्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाची त्याच्याशीं एकदां तरी गांठ पडते. ही गांठ आमच्याकडे बहुधा एका ठराविक वाक्यानें सोडविली जाते. 'गायर म्हणजे कालचक्र' असें टिपणवहींत उतरून घेतलें कीं विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि अध्यापकहि. कालचक्र, युगचक्र, संसारचक्र हे शब्द आपल्या इतके अंगवळणीं पडले आहेत कीं त्यांचा नुसता उच्चार होतांच अर्थ कळल्यासारखें वाटतें. आमच्या मतें हें भाषांतर केवळ सैल नाहीं, तें चूक आहे. आणि त्या चुकीमुळें कवितेंतील भय नेमकें नाहींसें होतें. हें दाखविण्यासाठीं शब्दाच्या कुळाकडे थोडें मागें जावें लागेल.

मूळ ग्रीक शब्दांत गति मुळींच नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. 'ओडिसी'च्या एकोणिसाव्या सर्गांत वेषांतर केलेला ओडिसियस पेनेलोपीला तिच्या पतीची, म्हणजे स्वतःचीच, बातमी सांगतो. आणि ती खरी वाटावी म्हणून त्या पतीच्या एका दूताचें वर्णन करतो. हा युरिबाटीस सांवळा, कुरळ्या केसांचा आणि पोक आलेल्या खांद्यांचा होता. येथें 'पोक आलेला' या अर्थी जें विशेषण होमरनें योजिलें आहे तेंच आमच्या शब्दाचें मूळ. वांकलेलें, गोलावलेलें, एवढाच त्याचा अर्थ. त्यापासून झालेलें नाम ग्रीक लोक कड्याला, वर्तुळाला लावीत, आणि झाड लावण्यासाठीं खणलेल्या वाटोळ्या खड्ड्यालाहि लावीत. आपल्या बागाइतदाराचें 'आळें' या शब्दाच्या अगदीं जवळ यावें, इतकी ही वस्तु स्थिर आणि घरगुती आहे.

लॅटिनमध्यें शब्द आला तो घोड्यांच्या मंडलांत. शिंगराला लगाम घालून ज्या गोल रिंगणांत फिरवितात त्या रिंगणाचें तें नांव झालें. व्हर्जिलच्या 'जॉर्जिक्स' काव्याच्या तिसऱ्या भागांत लगाम आणि रिंगण या दोहोंचें श्रेय लापिथ लोकांस दिलें आहे तें याच शब्दानें. परंतु आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें 'ईनिड'च्या सातव्या सर्गांतील स्थळ. लॅटिनस राजाची राणी अमाटा भ्रमिष्ट होऊन नगरांत सैरावैरा धांवते, आणि तिला उपमा दिली आहे ती मुलांनीं चाबकाच्या फटक्यांनीं रिकाम्या चौकांत फिरविलेल्या भोंवऱ्याची. त्या भोंवऱ्याच्या मोठ्या फेऱ्याला व्हर्जिल हाच शब्द लावतो. शिक्षित घोड्याच्या शिस्तीच्या रिंगणापासून वेड लागलेल्या राणीच्या भिरभिरण्यापर्यंत शब्दाचा प्रवास एकाच कवीच्या हातीं झाला. पुढें येट्सनें त्यांतून जें काढलें त्याचें बीज येथें दिसतें : शिस्तीचा फेरा आणि शिस्त सुटलेला फेरा, दोहोंस नांव एकच.

बायबलाच्या लॅटिन भाषांतरांत या शब्दाला धार्मिक वजन प्राप्त झालें. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांत पृथ्वीच्या वर्तुळावर बसलेल्या परमेश्वराचें वर्णन आहे तेथें तो आहे. उपदेशकाच्या पहिल्या अध्यायांत दक्षिणेकडे जाऊन उत्तरेकडे वळणाऱ्या फेऱ्याचें वचन आहे तेथें त्याचें क्रियापद आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनीं त्याच वचनांत वाऱ्यासाठीं 'व्हर्ल' हा उत्तरेकडील लोकांचा शब्द घातला, लॅटिनचा नव्हे. इंग्रजीची ही जुनी संवय आहे. घरचा शब्द वारा, पाणी, धूळ यांना, आणि बाहेरून आलेला शब्द विद्येला व काव्याला.

स्पेन्सरनें १५९० सालीं 'फेअरी क्वीन'मध्यें हा शब्द वापरला तो सहा योद्ध्यांनीं एकाला घातलेल्या वेढ्यासाठीं; ब्रिटोमार्ट ही वीरांगना तें कडें फोडून आंत शिरते. म्हणजे येथेंहि शब्द फारसा फिरत नाहीं, उभाच आहे. फिरणें त्याच्या अंगीं पुरतें मुरलें तें पुढें.

मध्यंतरीं एक गंमत होऊन गेली. उत्तर प्रदेशांतल्या, म्हणजे आइसलंड-नॉर्वेकडच्या, मोठ्या ससाण्याला इंग्रजींत 'जरफाल्कन' म्हणतात. त्यांतील पहिला अवयव जर्मानिक भाषांतला. त्याचा वर्तुळाशीं संबंध नाहीं. पण बाराव्या शतकांतील जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मोपदेशक ग्रंथकारानें, हा पक्षी आकाशांत गोल फिरतो म्हणून त्याचें हें नांव, अशी व्युत्पत्ति दिली, आणि पंडितांनीं त्या शब्दाचें स्पेलिंगसुद्धां त्या व्युत्पत्तीच्या सोयीनें बदललें. व्युत्पत्ति खोटी, परंतु ससाणा आणि 'गायर' यांची जोडी तिनें लावून दिली. ती साडेसातशें वर्षांनीं एका खऱ्या कवितेंत पुनः भेटली.

असल्या खोट्या व्युत्पत्तींचा मोह आपल्याकडेहि कमी नाहीं. 'गायर', 'घेर', 'गिरकी', 'गरगर' एका ओळींत मांडले कीं एखाद्यास साक्षात्कार व्हावयास उशीर लागत नाहीं. परंतु ध्वनींचे नियम असतात. ग्रीकांतील 'ग'समोर संस्कृतांत 'ग' किंवा 'ज' येतो, जसा ग्रीक 'गोनु'समोर आपला 'जानु'. 'घ' येत नाहीं. म्हणून 'घेर' हा 'गायर'चा भाऊ ठरत नाहीं. खरें नातें पाहिजेच असेल तर तें 'व्होर्टेक्स' या दुसऱ्या शब्दांत आहे. तो लॅटिनच्या ज्या धातूपासून आला तो आणि संस्कृत 'वृत्' हे सख्खे भाऊ आहेत, आणि म्हणून 'व्होर्टेक्स' व 'आवर्त' एका घराण्यांतले. त्याच 'वृत्'पासून 'वर्तुळ', आणि 'वर्तुळ'पासून आपलें 'वाटोळें'. जें वाटोळें तें आकारानें पूर्ण. पण मराठींत एखाद्याचें 'वाटोळें झालें' म्हणजे तो बुडाला. भाषेनें गोलाकारावर केलेली ही टीका येट्सला ठाऊक असती तर त्याला आवडली असती, असें आम्हांस वाटतें.

पुष्कळ इंग्रज वाचकांची समजूत अशी असते कीं 'गायर' हा लुइस कॅरलनें बनविलेला शब्द आहे. 'जॅबरवॉकी' या विनोदी काव्यांत तो अनेक अर्थहीन शब्दांच्या शेजारीं बसल्यामुळें त्याला संगतीचा दोष लागला. कॅरलनेंहि त्याची थट्टा मनापासून केली. घरच्या घरीं काढलेल्या 'मिशमॅश' या हस्तलिखितांत १८५५ सालीं त्यानें त्याचा अर्थ 'कुत्र्यासारखें खाजविणें' असा दिला, आणि मूळ म्हणून 'जियावर' हा शब्द पुढें केला. वस्तुतः हा तुर्कांचा परधर्मीयांसाठीं योजिलेला तिरस्काराचा शब्द, बायरनच्या १८१३ च्या काव्यामुळें इंग्रजांस परिचित झालेला. पुढें १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्यें हम्प्टी डम्प्टी मात्र निराळाच अर्थ सांगतो : जायरोस्कोपसारखें गोल गोल फिरणें. मधल्या सोळा वर्षांत कुत्रें जाऊन यंत्र आलें. तें यंत्र तेव्हां नवीनच होतें. पृथ्वीचें स्वांगपरिभ्रमण डोळ्यांस दिसावें म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यानें १८५२ सालीं त्यास हें नांव दिलें, आणि त्या नांवाचा अर्थच 'फिरणें दाखविणारें' असा आहे. मौज अशी कीं थट्टेंतला हा अर्थ बरोबर आहे. हम्प्टी डम्प्टीच्या साऱ्या कोशांत खरी व्युत्पत्ति असलेला एखादाच शब्द सांपडावा आणि त्यालाच लोकांनीं बनावट मानावें, हें त्या पुस्तकाला शोभतेंच.

उच्चाराविषयींहि कॅरलनें, १८९६ च्या नाताळाची तारीख घातलेल्या एका प्रस्तावनेंत, ताकीद दिली आहे कीं आरंभींचा वर्ण कठोर, म्हणजे आपला 'ग', म्हणावा. येट्सहि तसाच उच्चार करी असें त्याचे टीकाकार सांगतात. आजचे कोश आणि समुद्रशास्त्रज्ञ बहुधा 'जायर' म्हणतात. रोमन लिपींत लिहिणाऱ्यास हा प्रश्न लपवितां येतो; देवनागरींत लिहिणाऱ्यास कांहींतरी एक पत्करावें लागतें. आम्हीं कवीच्या बाजूनें 'गायर' पत्करिलें आहे, आणि यंत्राचें 'जायरोस्कोप' मात्र रूढ झालें तसेंच ठेविलें आहे.

आतां मुख्य गोष्ट. येट्सच्या लेखनांत हा शब्द १९१७ नंतर सारखा येऊं लागतो. त्या वर्षीं ऑक्टोबरांत त्याचें जॉर्जी हाइड-लीस हिच्याशीं लग्न झालें, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या हातून आपोआप लेखन होऊं लागलें. त्या कागदांतून येट्सनें जें शास्त्र म्हणा, पुराण म्हणा, उभें केलें तें 'अ व्हिजन' या ग्रंथांत १९२५ सालीं प्रथम आणि १९३७ सालीं पालटून पुनः मांडलें. ग्रंथ दुर्बोध आहे, आणि सगळाच वाचण्याच्या योग्यतेचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्यांतील एक आकृति ज्यानें नीट पाहिली त्याला येट्सच्या उत्तरकालीन कवितेची किल्ली मिळते. ती आकृति वर्तुळ नव्हे. ते दोन शंकु आहेत, एकमेकांत शिरलेले. एकाचें टोंक दुसऱ्याच्या तळाच्या मध्यावर. एका शंकूवरून गति टोंकापासून तळाकडे वळसे घेत रुंदावत जाते, त्याच वेळीं दुसऱ्यांतील गति आक्रसत टोंकाकडे जाते. सुमारें दोन हजार वर्षांनीं पहिलीचा विस्तार संपतो, आणि त्या क्षणीं दुसरी, इतका वेळ आंतल्या आंत वाढत असलेली, विरुद्ध स्वभावाची शक्ति बाहेर पडते. ख्रिस्ताच्या जन्माबरोबर सुरू झालेला फेरा आतां रुंदावून फुटण्याच्या बेतांत आहे, हें येट्सचें गणित. या आकृतीचे पूर्वज त्यानें स्वतःच सांगितले आहेत. स्वीडनबोर्गच्या लेखनांत त्याला दुहेरी शंकु सांपडला, आणि फ्लोबेर 'सर्पिल' नांवाची एक कथा लिहिणार होता पण ती न लिहितांच वारला, याचाहि तो उल्लेख करतो.

ही आकृति मनांत धरून कवितेचा ससाणा पाहावा. शिकारीसाठीं पढविलेला ससाणा धन्याच्या मुठीवरून सुटतो, त्याच्या डोक्यावर उंच वळसे घेत राहतो, आणि सावज उठेपर्यंत वाट पाहतो. या विद्येंत गोल फिरणें ही बेशिस्त नव्हे, तीच शिस्त आहे. खालीं उभा असलेला माणूस हा त्या फेऱ्याचा मध्य; त्याची हांक पोंचते तोंवर पक्षी त्याचा. आतां पक्षी जर वर चढतां चढतां प्रत्येक वळशास अधिक रुंद जाऊं लागला तर आकाशांत आपोआप एक शंकु उभा राहतो, आणि त्याचें टोंक त्या माणसाच्या मुठींत असतें. येट्सची सारी भूमिति एका चित्रांत उतरली आहे, आणि ती कोणास सांगण्याची गरज राहिलेली नाहीं. एका विशिष्ट वळशाला हांक ऐकूं येईनाशी होते. तो वळसा मागच्या वळशाहून फार निराळा नसतो, हेंच त्यांतील भय.

चक्रांत हें घडूं शकत नाहीं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि धाव यांमधलें अंतर आऱ्यांनीं कायमचें बांधलेलें असतें. चाक कितीहि फिरो, कड मध्यापासून दूर जात नाहीं. गेली तर तें चाक मोडलें असें आपण म्हणतों, फिरलें असें नाहीं. म्हणून 'कालचक्र' म्हणतांच कवितेंतील हांक न ऐकूं येण्याची जी घटना ती अशक्य होऊन बसते. शिवाय कालचक्र या कल्पनेंत एक दिलासा आहे. कलि संपला कीं कृत येणार. येट्सच्या कवितेंत जें येतें तें कृतयुग नाहीं. वाळवंटांतून संथपणें निघालेलें, माणसाचें डोकें आणि सिंहाचें धड असलेलें एक जनावर येतें. 'सेकंड कमिंग' या नांवानें ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा दाखवून शेवटीं तें जनावर पुढें करणें, हा या कवितेचा मर्मभेद आहे. त्यावर कालचक्राची फुंकर घालून आपण वाचकाला जणूं म्हणतों, 'काळजी नको, हें असें चालायचेंच.' कवितेनें असें मुळींच म्हटलेलें नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं युगांची कल्पनाहि सपाट चक्राची नाहीं. कृताचीं १७,२८,००० वर्षें, त्रेताचीं १२,९६,०००, द्वापराचीं ८,६४,००० आणि कलीचीं ४,३२,०००; म्हणजे युगें चार, तीन, दोन, एक या प्रमाणांत आंखूड होत जातात, आणि धर्माचा एकेक पाय कमी होतो. हा एक आक्रसत जाणारा शंकुच नव्हे काय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत एखाद्यानें तो मांडला तर आम्ही त्यास चांगले गुण देऊं. पण त्या कल्पनेंत शंकु एकच आहे. धर्म घटतो तेव्हां जें वाढतें तो केवळ धर्माचा अभाव. त्याला स्वतःचें रूप, स्वतःचा देव, स्वतःची जन्मवेळ नाहीं. येट्सच्या दुसऱ्या शंकूला हें सर्व आहे. तसेंच 'अ व्हिजन'मध्यें चंद्राच्या अठ्ठावीस कलांचें एक मोठें चाकहि आहे, हें आम्ही विसरलेलों नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं चाक आणि शंकु दोन्ही होतीं त्यानें या कवितेच्या आरंभीं चाक न घेतां 'गायर' घेतला, यावरूनच आमचें म्हणणें दृढ होतें.

येट्सचा भारताशीं संबंध दाखवून या भाषांतराचें समर्थन करणारेहि भेटतात. संबंध खरा आहे, आणि त्यांतील एक धागा तर मराठी आहे. वऱ्हाडांत बडनेरा येथें १८८२ सालीं जन्मलेले श्रीपुरोहित स्वामी १९३१ सालीं येट्सला लंडनमध्यें भेटले. त्यांच्या आत्मचरित्राला येट्सनें १९३२ सालीं प्रस्तावना लिहिली. भगवान श्रीहंस यांच्या मराठी कैलासयात्रावृत्ताचा स्वामींनीं केलेला इंग्रजी अनुवाद १९३४ सालीं निघाला त्यालाहि येट्सचीच प्रस्तावना आहे. आणि दोघांनीं मिळून केलेलें दहा उपनिषदांचें भाषांतर १९३७ सालीं प्रसिद्ध झालें, म्हणजे 'अ व्हिजन'च्या दुसऱ्या आवृत्तीच्याच वर्षीं. त्याच्याहि पूर्वीं, वीस-एकवीस वर्षांचा असतांना, त्यानें डब्लिनमध्यें मोहिनी चतर्जी यांचीं प्रवचनें ऐकिलीं होतीं. हें सर्व मान्य. पण स्वामींची भेट कवितेनंतर बारा वर्षांनीं झाली. आणि चतर्जींपासून त्यानें घेतला तो पुनर्जन्माचा विचार, शंकूची आकृति नव्हे. आपल्या माणसाचें नांव कोठें आढळलें कीं सगळें आपल्याकडूनच गेलें असें मानण्यानें त्या माणसाचाहि गौरव होत नाहीं.

'गायर' चक्र नव्हे, तर मराठींत काय म्हणावें? पहिला विचार 'भोंवरा' या शब्दाचा येतो, आणि तो फार मोलाचा आहे. पाण्यांतला भोंवरा आणि मुलांचा भोंवरा दोन्ही शंकूच्याच आकाराचे. एक खालीं ओढतो, दुसरा आरेवर उभा राहतो. मुलाच्या भोंवऱ्यावर जाळी गुंडाळतात ती आरेकडून रुंद भागाकडे चढत जाते, येट्सच्या आकृतीसारखीच. 'अ व्हिजन'चें विवेचन मराठींत करणारानें याहून चांगला शब्द शोधूं नये. परंतु कवितेंत पक्षी आहे, आणि भोंवऱ्यांत पक्षी बसत नाहीं.

'घिरट्या' हा शब्द पक्ष्याचाच. घार घिरट्या घालते, ससाणा घालतो. पण मराठींत घिरट्या घालणाऱ्याचा डोळा खालच्या भक्ष्यावर असतो, आणि माणसानें घिरट्या घातल्या तर त्याचा हेतु वाईट असतो. येट्सच्या ससाण्याला वाईट हेतु नाहीं, त्याला हांक ऐकूं येत नाहीं एवढेंच. शिवाय हा शब्द कवितेच्या उत्तरार्धासाठीं राखून ठेविला पाहिजे. तें जनावर चालूं लागतें तेव्हां त्याच्याभोंवतीं वाळवंटांतल्या संतापलेल्या पक्ष्यांच्या सांवल्या फिरतात. तेथें येट्सनें 'गायर' न वापरतां 'रील' हें क्रियापद घातलें आहे, ज्यांत फिरणें आणि झोंकांड्या खाणें दोन्ही आहे. घिरट्या त्या पक्ष्यांच्या. आरंभीं एक पक्षी आणि शेवटीं अनेक, आणि दोघांच्या फिरण्याला निरनिराळे शब्द. हा भेद भाषांतरांत पुसला गेला तर कवितेचा सांधाच निखळतो.

म्हणून ससाण्यासाठीं आमची पसंती 'घेर' या साध्या शब्दाला आहे. घेर म्हणजे परीघ. पण मराठींत घेर वाढतो, घेर सुटतो, आणि परकराचा घेर कमरेपाशीं अरुंद व पायांशीं रुंद असतो. शब्दांत शंकु आयताच आहे. रुंदावत जाणारा घेर म्हटल्यावर टीप देण्याची गरज पडत नाहीं.

'सेलिंग टु बिझँटियम' या १९२७ च्या कवितेंत मात्र 'घेर' पुरत नाहीं. तेथें कवि सुवर्णभित्तीवरील ऋषींना खालीं बोलावतो, आणि 'गायर'च्या शेजारीं 'पर्न' हें क्रियापद ठेवतो. त्याचा अर्थ त्यानें अन्यत्र एका टिपेंत दिला आहे : स्लायगो गांवीं लहानपणीं आजोबांच्या झाडांवरून एका गिरणीचा धूर दिसे, आणि सूत गुंडाळण्याच्या फिरकीला 'पर्न' म्हणतात असें त्याला कोणी सांगितलें होतें. सोलापूर-इचलकरंजीच्या मागवाल्याला हा अर्थ प्राध्यापकापेक्षां लवकर कळेल, कारण तो रोज कांड्या भरतो. कांडीवर सूत चढतें तें वळसे घेत, आणि धोट्यांतून सुटतें तें वळसे सोडीत. ऋषींनीं अनंतांतून काळांत उतरावयाचें तें असें. आणि 'रील' या शब्दाचा मूळ अर्थहि सूत गुंडाळण्याचें साधन असाच आहे. वाळवंटांतल्या त्या सांवल्यांना क्रियापद देतांना येट्सच्या कानांत आजोबांच्या शेजारची ती गिरणी असावी, असें आम्हांस वाटतें. मराठी भाषांतरकाराला तेथें घिरट्याच घालाव्या लागतील. 'कांडी' आणि 'घिरटी' यांना जोडणारा धागा आपल्या भाषेंत नाहीं, आणि तेवढें नुकसान सोसावें लागेल.